चार हजार डिग्रीचे मठपती सर

मठपती सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते लोह्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात खराब माल मागत होते.

"मला खोट असलेली जाळी पाहिजे," ते दुकानदाराला सांगत होते.

जाळी म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती, सहा कोनांच्या छिद्रांची तारेची जाळी. दुकानदार म्हणाला, "सर, आमच्याकडं खोटीचा माल येतच न्हाई."

"येत असंल हो. एखादं छिद्र पाच कोनाचं पडलेलं असतंय. त्याच्या बाजूला मग सात कोनाचं. बघू द्या की जरा."

दुकानदार सज्जन होता. त्याने जाळीचा अख्खा गठ्ठा दुकानासमोर रस्त्याच्या कडेला उलगडून दिला. चैत्राचं ऊन. सर उकिडवे बसले आणि एकेका छिद्रावर बोट ठेवत पुढं सरकू लागले. मी नळाचा वायसर घ्यायला गेले होते. तो घेऊन झाला तरी माझा पाय निघेना. शेवटी दुकानदार म्हणाला, "सर, सावलीत तरी या. लई ऊन हाय."

सरांनी मान वर केली. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शांतपणे म्हणाले, "तीन हजार डिग्रीच्या खाली मी ऊन म्हणत न्हाई."

आम्ही त्याच महिन्यात लोह्याला राहायला आलो होतो. आठ दिवसांनी कळलं की हे गृहस्थ आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, आणि नांदेडच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले होते, तिथंच फिजिक्स शिकवतात. म्हणजे रोज सकाळी आठच्या बसनं नांदेड आणि संध्याकाळी परत, असं आमचं अपडाऊन एकत्रच सुरू झालं. गावात त्यांना 'जाळीवाले सर' म्हणत. खोट असलेला तो तुकडा त्यांना त्या दिवशी मिळाला होता म्हणे. वीतभर कापून घेतला होता आणि तो त्यांच्या पिशवीत डब्याच्या वर असायचा.

पहिल्या काही दिवसांत मी सहज विचारलं, "काय सर, बरं आहे ना?"

"साडेतीन हजारावर हाय," सर म्हणाले. "काल सांजच्यापासून."

मला वाटलं, मेडिकलच्या उधारीचं काही असेल. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "छत्तीसशे. अजून धरून हाय." तिसऱ्या दिवशी मी बाजूच्या सीटवरच बसले आणि म्हटलं, सर, काय तापतंय ते एकदा सांगून टाका.

सर खुलले. खिशातून पेन्सिल काढली, तिकिटाच्या मागे एक रेघ ओढली. "ही रेघ म्हणजे काय? कार्बनच्या पापुद्र्यांची थप्पी. त्यातला एकच पापुद्रा सोडवून घेतला, एका अणूच्या जाडीचा, की त्याला ग्राफीन म्हणायचं. आपल्या जाळीवानी. जिथं तारा मिळतात, तिथं एकेक अणू. आता मला सांगा मॅडम, लोखंड तापलं की काय होतं?"

"फुगतं."

"हाव. आन् हे तापलं की आखडतं."

"का बरं?" मी विचारलं. त्यांना तेवढंच हवं होतं. मागच्या सीटवरच्या एका बाईंच्या मांडीवर धुवून वाळवलेली चादर होती. सरांनी ती मागून घेतली. चादरीचं एक टोक माझ्या हातात, एक त्या बाईंच्या, दोन स्वतःच्या. "आता ताठ धरा. आता आस्ते आस्ते हालवा, वर-खाली. बघा, लाटा उठायल्यात का? आता हात बघा. जवळ आले का न्हाई? तसंच हाय ते. गरम झालं की त्याच्यात लाटा उठतात, आन् लाटा उठल्या की कडा आत येतात."

बस सोनखेडच्या अलीकडे होती. खिडकीतून वारा येत होता, चादर फुगत होती आणि चार हजार डिग्रीच्या कुठल्यातरी मुलखात आम्ही तिघं टोकं धरून उभे होतो, असं मला क्षणभर वाटलं. त्या बाईंनी चादर घडी करून परत मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, तुमचे लेकरंबाळं बरे हाईत ना?"

"आस्ते" हा सरांचा लाडका शब्द. चहा आस्ते तापवायचा, पोरांना आस्ते रागवायचं, बस सुटत असली तरी आस्ते चढायचं. त्यात दोनदा पडले. प्राचार्यांनी एकदा अर्जंट म्हणून मागवलेली माहिती त्यांनी पंधरा दिवसांनी दिली आणि वर म्हणाले, "घाईनं तापवलं की आकडा चुकतो."

तापवणं सगळं कॉम्प्युटरमध्ये चालायचं. त्यांच्या घराच्या मधल्या खोलीत एक जुना, घरघरत्या आवाजाचा कॉम्प्युटर होता. त्यात काही हजार अणूंची एक जाळी, आणि प्रत्येक अणूनं शेजाऱ्याला किती जोरात धरायचं याचे नियम. सर तिला थोडी थोडी उष्णता देत जात. खरं तापवायला भट्टी नाही, आणि असती तरी उघड्या हवेत ते चार-पाचशे डिग्रीलाच जळायला लागतं म्हणे. "म्हणून पोकळीत तापवायचं. जिथं हवाबी न्हाई, माणूसबी न्हाई."

लाईट गेली की मठपतींच्या घरातला इन्व्हर्टर फक्त त्या कॉम्प्युटरला जोडलेला. पंखा बंद. वैनी, म्हणजे सरांच्या पत्नी शकुंतलाबाई, ओसरीवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसायच्या. "आमच्यात कार्बन गरम ऱ्हायला पाहिजे, माणसं उकडली तर चालतंय," त्या मला सांगायच्या. तक्रार नव्हती, माहिती होती. मूलबाळ नव्हतं. चहा दोनच कप व्हायचा. मी गेले की तीन.

एकदा मी त्या पडद्यावर ते पाहिलं. रविवारची दुपार, सगळं गाव झोपलेलं. पडद्यावर करडी जाळी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. सर स्टुलावर बसून हळू आवाजात सांगत होते, जसं काही कोणी झोपलंय आणि जागं होईल. "आता बघा इथं. एक बंध फिरला. दोन अणू जोडीनं वळले. सहा-सहाचे होते, आता पाच आन् सात झाले. अजून मोडलं न्हाई. नुस्तं कूस बदलली."

"मग मोडतं कधी?"

"चार हजाराच्या वर. आन् मोडतं तेबी कसं, बर्फावानी पाणी होत न्हाई. दोऱ्या होतात. लांब लांब दोऱ्या, एकमेकीत गुंतलेल्या. पुन्हा बसून ऱ्हावं वाटतं बघत."

ते खरंच बसून राहिले. मी कधी उठून आले त्यांना कळलं नाही.

कॉलेजात त्यांची चेष्टा व्हायची. पीएचडी नाही, पेपर नाही, बढतीसाठी उपयोग नाही. दोन वर्षांवर रिटायरमेंट. स्टाफरूममध्ये कोणी म्हणायचं, "सर, वितळलं का?" सर म्हणायचे, "अजून धरून हाय." प्रश्न विचारणारा हसायचा आणि सरही हसायचे. हे सगळं कशासाठी, हे मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. छंद म्हणून सोडून दिलं होतं.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मात्र सर बदलले. तापमान सांगेनात. बसमध्ये फोन काढून एकच नंबर लावायचे, पलीकडे वाजत राहायचं, मग फोन खिशात. दसरा झाला आणि एका शुक्रवारी मला म्हणाले, "मॅडम, उद्या सुट्टी हाय. रेणापूरला येता का माझ्यासंगं? एका पोरीकडं जायचंय. बाईमाणूस संगं असलं की बरं पडतं. शकूचे गुडघे धरलेत."

पोरगी म्हटल्यावर लग्नाचं काही असेल समजून मी ब्लाउजपीस आणि नारळ पिशवीत टाकला.

लातूरच्या बसमध्ये, अहमदपूरच्या पुढे गेल्यावर, त्यांनी सांगितलं. राजश्री त्यांची विद्यार्थिनी. सर पूर्वी लातूरला शिकवायचे तेव्हाची. रेणापूरच्या शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. चार वर्षांपूर्वी बंगळुरूला संशोधनाला गेली. विषय हाच, ग्राफीन तापल्यावर काय होतं. गणपतीला घरी आली ती परत गेलीच नाही.

"का?"

"तिची जाळी लवकर वितळायली. सगळ्या जगाचं जिथं वितळतं, त्याच्या लई अगोदर. चौदा डाव केलं तिनं. तिच्या साहेबानं सांगितलं, तुझ्याकडून व्हायचं न्हाई बहुतेक. आता फोन उचलत न्हाई माझा."

"मग आज तुम्ही काय सांगणार तिला?"

"काय न्हाई," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. कापलेल्या सोयाबीनच्या रानात मोकळी माती पसरली होती, आणि वर बगळे अगदी सावकाश जात होते, जसं त्यांनाही कोणी आस्ते म्हणून सांगितलंय.

लातूरहून जीपने रेणापूरला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. घर गावाच्या कडेला. सिमेंटच्या अंगणभर सोयाबीन वाळत घातलेलं. राजश्रीचे वडील व्यंकटराव दारातच होते. सरांना बघून त्यांनी टोपी नीट केली. मला म्हणाले, "या ताई." मग हळूच सरांना, "गुर्जी, पोरगी बोलत न्हाई. आम्ही म्हणलं, नोकरी बघ. त्याच्यावरबी बोलत न्हाई. स्थळ आलंय, त्याच्यावरबी न्हाई."

राजश्री आतून आली. सव्वीस-सत्तावीसची, ओढणी कमरेला बांधलेली, हातात सोयाबीन हलवायचं लाकडी फावडं. सरांच्या पाया पडली आणि म्हणाली, "सर, त्या विषयावर नको."

"न्हाई बोलत," सर म्हणाले.

चहा झाला. मी नारळ काढून दिला. राजश्रीच्या आईला तो कशासाठी ते कळलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही. मग सर म्हणाले, "बाळ, मला एक समजत न्हाई. म्हातारा झालो. तू ती जाळी मांडतेस कशी, पहिल्यापासून? तेवढं सांग. मग मी जातो."

राजश्रीला राग आला असावा. पण गुरूला नाही म्हणायची सवय नव्हती. ती अंगणात उतरली, वाळत घातलेल्या सोयाबीनच्या कडेला बसली आणि बोटानं दाण्यांत सहा कोन काढू लागली. सर शेजारी उकिडवे. मी पायरीवर.

"ही अशी जाळी. एवढे अणू. मग नियम लावायचे. मग थोडी थोडी उष्णता."

"किती थोडी?"

तिनं सांगितलं. सरांनी मान हलवली. "आन् हे नियम तूच लिहिले?"

"न्हाई. आमच्या सीनिअरची फाइल होती. सगळे तीच वापरतात. मी फक्त जाळीचा आकार बदलला."

"हं. आन् ही जाळी इथं संपते. मग इथल्या अणूला पुढं कोण धरतं?"

"कोणी न्हाई लागत. उजवी कड डाव्या कडेला जोडलेली असते, सर. इकडून बाहेर गेलेला तिकडून आत येतो. म्हणजे जाळीला काठच नसतो. हे तुम्हीच मला..." ती थांबली.

"हं?"

"तसं फाइलमध्ये असतं."

"तू बघितलंय?"

व्यंकटराव मध्येच म्हणाले, "गुर्जी, दाण्यावर पाय पडायलाय." सरांनी पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. राजश्री त्यांच्याकडे बघत नव्हती. ती आपण काढलेल्या सहा कोनांकडे बघत होती. बराच वेळ. घरातून कुकरची शिट्टी आली, एक कोंबडी येऊन दाणे टिपू लागली, कोणी तिला हाकललं नाही.

"मी ती ओळ बघितली न्हाई," ती हळू म्हणाली. "सीनिअरला छोटा सुटा तुकडा पाहिजे होता. त्यानं कडा मोकळ्या ठेवल्या असतील. आन् मोकळ्या काठाचे अणू आधी सुटतात. काठापासून वितळत आत जातं." मग एकदम सरांकडे वळून, "सर, माझी जाळी लवकर वितळत नव्हती. तिला काठ होता."

"असं होतंय काय?" सर म्हणाले. तोंडावर असं अज्ञान की पहिलीतल्या पोराला लाजवेल. "काठ असला की आधी वितळतंय? मला जरा पुन्हा सांग बरं."

तिनं पुन्हा सांगितलं. मग आत पळाली, लॅपटॉप घेऊन आली, पायरीवर माझ्या शेजारी बसून ती फाइल उघडली. मला काही समजत नसूनही मी बघितलं. एका ओळीत एक अक्षर वेगळं होतं, कडा मोकळ्या ठेवणारं. तिनं त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही नाही. आई घाबरून बाहेर आली. "काय झालं गं?"

"काय न्हाई आई. एक अक्षर."

जेवून निघालो. व्यंकटरावांनी पिशवीभर सोयाबीन दिलं, नको म्हटलं तरी. राजश्री जीपपर्यंत आली. स्थळाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही.

परतीच्या बसने चाकूर गाठलं. उतरतं ऊन सीटवर पडलं होतं आणि ते डोळे मिटून बसले होते. मला एक शंका केव्हाची छळत होती.

"सर, तुम्हाला ते माहीत होतं."

"हाव."

"कधीपासून?"

"तीन हप्ते झाले. तिनं फाइल दिली होती मागं. घरच्या मशिनवर तीच तापवायलो होतो. ओळ ओळ वाचली, सापडलं."

"मग मेसेज करायचा ना. पोरगी तीन आठवडे रडत बसली असेल."

"लिहिला होता," सर म्हणाले. "पुसला. चौदा डाव करून तिला सापडलं न्हाई, आन् लोह्याच्या मास्तरला सापडलं. हे वाचून ती परत गेली असती का?"

मग मी विचारलं, जे इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं. "सर, हा विषय तुम्ही घेतला कशासाठी?"

"मी कुठं घेतला? तिनं घेतला. मला तवा ग्राफीनचा 'ग' बी येत न्हवता. ती गेली तवा म्हणलं, तिथं नवी भाषा, नवी माणसं. एखाद्या दिवशी फोन करंल, आज असं झालं म्हणून सांगंल. घरी सांगून कोणाला कळणार? समजणारं एक माणूस तर पाहिजे इकडं. म्हणून शिकलो. चोपन्नाव्या वर्षी." ते जरा हसले. "लई अवघड गेलं. मग आवडायलं."

बाहेर रानं मागं चालली होती. सर बोलत राहिले, माझ्याशी की काचेशी, कळत नव्हतं.

"मीबी गेलो होतो हैदराबादला, संशोधनाला. दीड वर्ष. माझंबी असंच काहीतरी अडलं. परत आलो. लोकांना सांगितलं, वडलांची तब्येत बरी न्हाई. बरी होती त्यांची तब्येत. हैदराबादची गाडी तवा दुपारी यायची. मी रोज स्टँडवर जाऊन बसायचो. म्हणलं, आमचे साहेब येतील, न्हाई तर बरोबरचं कोणी. विचारतील, मठपती, कुठं अडलं? उन्हाळाभर बसलो. मग जूनमध्ये शाळा उघडल्या. नोकरी लागली."

"अडलं कुठं होतं?"

"आता याद बी न्हाई मॅडम," सर म्हणाले. "लहानच असंल काहीतरी."

आठ दिवसांनी राजश्री बंगळुरूला गेली. चूक आपणच शोधली असं ती सगळ्यांना सांगते, आणि ते खरंच आहे. तिच्या साहेबांनी ती फाइल वापरणाऱ्या सगळ्यांना ती ओळ तपासायला लावली. इथं मी नावं बदलली आहेत. सरांना विचारूनच हे लिहिते आहे. ते म्हणाले, लिहा, आता तिला भरोसा आलाय, आता कळलं तरी चालतंय.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सकाळची बस, धुकं इतकं की रस्त्याकडेची झाडं जवळ आल्यावरच दिसायची. विष्णुपुरीजवळ सरांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, घसा साफ केला, आणि सावरून बसले.

"बोल बाळ. काय? आकडा जुळला? सगळ्यांच्या बरोबर?" मग, "मला काय कळलं न्हाई बघ नीट. पहिल्यापासून सांग."

पलीकडून ती सांगू लागली. आवाज माझ्यापर्यंत येत होता, शब्द नाही. सर डोळे मिटून ऐकत होते, मधेच "हं" म्हणत होते. बस नांदेडच्या स्टँडवर लागली. सगळे उतरले. सर तिथंच, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून.

कंडक्टर दाराशी उभा राहून माझ्याकडे बघू लागला. मी त्याला म्हटलं, "दोन मिनिटं थांबा. घरचा फोन आहे."

तो खाली उतरला आणि दार उघडंच ठेवून चहा घ्यायला गेला.